आधी फासे, मग आठवण

ई-आधारची फाइल डाउनलोड केली की ती उघडायला पासवर्ड लागतो, आणि तो काय आहे हे आधारच्या संकेतस्थळावरच जाहीर लिहिलेलं असतं. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. १९९० साली जन्मलेल्या सुरेशचा पासवर्ड एसयूआरई१९९०. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाची फाइल पॅन आणि जन्मतारीख सलग लिहिली की उघडते. बँकांची आणि विम्याची बरीच विवरणपत्रंही याच वळणाची असतात. संस्थांची अडचण समजण्यासारखी आहे. कोट्यवधी लोकांना फाइल पाठवायची तर प्रत्येकाशी आधी वेगळा पासवर्ड ठरवणं शक्य नाही, तेव्हा समोरच्याला हमखास ठाऊक असलेली माहितीच किल्ली म्हणून वापरायची. पण ज्याला तुमचं नाव माहीत आहे, त्याच्यासाठी प्रश्न उरतो तो फक्त सालाचा. शंभर वर्षं धरली तरी शंभर प्रयत्न. फाइल चुकून भलत्याच्या हाती पडली तर लगेच उघडू नये, एवढंच काम हे कुलूप करतं.

याहून मोठं नुकसान आपल्या सवयीचं झालं आहे. पासवर्ड म्हणजे स्वतःबद्दलची माहिती थोडी फिरवून लिहिणं, हे आपण अशा फाइली उघडता उघडता शिकलो. मग खरोखरच्या खात्यांनाही मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल, गाडीचा नंबर, गावाचं नाव, नाहीतर सरळ पास@१२३. देवभोळी माणसं कुलदैवताला वेठीला धरतात. साईराम, ओमसाईराम, गणेश, कृष्णा हे सगळे पासवर्ड चोरांच्या हाती असलेल्या याद्यांत केव्हाच जाऊन बसले आहेत.

या सगळ्यांमागे एकच समज आहे: पासवर्ड लक्षात राहायला हवा असेल तर तो आधीच लक्षात असलेल्या गोष्टींतून घ्यावा. माझ्या मते घोळ इथेच सुरू होतो. आपल्या आठवणी आपल्याला वाटतात तितक्या खासगी नसतात, आणि त्यातून आपण काय उचलू याचा अंदाज तर फारच सोपा असतो. क्रम उलटा हवा. पासवर्ड आधी निव्वळ योगायोगाने निवडायचा, त्यात स्वतःची अक्कल आणि आवड काडीचीही घालायची नाही, आणि तो लक्षात कसा ठेवायचा हे नंतर बघायचं.

हे पटण्यासाठी चोर काय करतो ते पाहू. लॉगिनच्या पानावर बसून एकेक पासवर्ड टाकून बघणारा चोर आपल्या डोळ्यांपुढे असतो. तसे प्रयत्न होतात, पण चार-पाच चुकांनंतर खातं बंद होतं, त्यामुळे तिथे फार काही साधत नाही. खरा धोका संस्थेची अख्खी पासवर्डांची फाइल चोरीला जाण्याचा. ही चोरी जवळजवळ पासवर्डइतकीच जुनी आहे. संगणकावर पासवर्डची पद्धत रुजवली ती अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने. एकच संगणक अनेकांनी वाटून घ्यायचा, तर प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाने एक पंच कार्ड टाकून ती पासवर्डची फाइलच छापून घेतली, कारण त्याला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरत नव्हता. इतरांच्या नावावर लॉगिन करून तो आपलं काम उरकत असे.

आता अशी फाइल उघड्यावर ठेवत नाहीत, निदान ठेवू नये. पासवर्ड एका गणिती सूत्रातून काढून त्याचं जे लांबलचक रूप येतं, ते साठवतात. त्याला हॅश म्हणतात. हॅशवरून उलटं जाऊन पासवर्ड काढता येत नाही. पण एखादा अंदाज घ्यायचा, त्याचा हॅश काढायचा आणि चोरलेल्या फाइलीत तो सापडतो का बघायचं, हे करता येतं. तिथे चार चुकांनंतर दार बंद करणारं कुणी नसतं. वेग फक्त यंत्राचा. खेळांसाठी विकलं जाणारं आरटीएक्स ४०९० हे एक ग्राफिक्स कार्ड, हॅशकॅट नावाच्या प्रणालीसह, एमडी५ या जुन्या पद्धतीचे हॅश सेकंदाला १६ हजार कोटींहून जास्त तपासतं. इंग्रजी छोट्या अक्षरांतला आठ अक्षरी कोणताही पासवर्ड त्याला सव्वा-दीड सेकंदाचा. कीबोर्डवरची सगळी ९५ चिन्हं वापरून केलेला आठ चिन्हांचा पासवर्ड, भले कितीही विचित्र दिसो, साधारण अकरा तासांत सगळ्या शक्यता संपवून सापडतो. बीक्रिप्टसारख्या मुद्दाम संथ बनवलेल्या पद्धतीपुढे मात्र तेच कार्ड सेकंदाला दोन लाखांच्याही आत घुटमळतं. अडचण अशी की तुमच्या संस्थेने कोणती पद्धत वापरली आहे, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनची फाइल फुटली, तेव्हा तिथे जुनी, वेगवान पद्धत होती. आधी ६५ लाख हॅश बाहेर आल्याचं दिसलं, आणि २०१६ मध्ये कळलं की आकडा ११ कोटी ७० लाखांच्या घरातला होता. रॉकयू या कंपनीने तर २००९ पर्यंत ३ कोटी २० लाख पासवर्ड हॅशही न करता जसेच्या तसे ठेवले होते. त्यातले सुमारे २ लाख ९० हजार होते १२३४५६.

रॉकयूची ती यादी आजही अंदाज घेण्याच्या कामातला पहिला धडा आहे. तिच्यामुळे माणसं पासवर्ड कसा करतात हे अभ्यासायची सोयच झाली. कॅपिटल अक्षर द्यायला सांगितलं की माणूस पहिलं अक्षर कॅपिटल करतो. आकडा मागितला की शेवटी १ नाहीतर जन्मसाल लावतो. चिन्ह मागितलं की 'ए'च्या जागी @ आणि 'एस'च्या जागी डॉलर. आपल्याला वाटतं आपण चलाखी केली, पण या सगळ्या चलाख्या नियमांच्या रूपात लिहून ठेवलेल्या फाइली फुकट मिळतात, आणि यंत्र यादीतल्या प्रत्येक शब्दावर त्या आपसूक चालवून बघतं.

ही चिन्हांची आणि कॅपिटलची सक्ती आली कुठून? तिचा मोठा वाटा अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००३-०४ च्या सुमाराच्या एका दस्तऐवजाचा. त्यातलं पासवर्डविषयीचं परिशिष्ट बिल बर यांनी लिहिलं होतं. लोक प्रत्यक्षात कसे पासवर्ड ठेवतात याची फारशी माहिती त्यांच्या हाती नव्हती, १९८०च्या दशकातल्या एका जुन्या टिपणावर त्यांना भिस्त ठेवावी लागली. जगभरच्या कार्यालयांनी ते नियम उचलले आणि वर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याची शिक्षाही जोडून दिली. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, बर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलशी बोलताना आपल्या त्या सल्ल्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होत असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी एनआयएसटीने नवं मार्गदर्शन काढलं. चिन्हांची सक्ती नको, ठरावीक काळाने बदलायला लावणं नको, त्याऐवजी नवा पासवर्ड फुटलेल्या याद्यांत आहे का ते तपासा आणि लांब पासवर्ड स्वीकारा. २०२५ च्या आवृत्तीत तर खात्याला पासवर्ड सोडून दुसरं काहीच संरक्षण नसेल, तर तो किमान १५ चिन्हांचा हवा असं म्हटलं आहे. आपल्याकडच्या पुष्कळ संकेतस्थळांना मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही. तिथे अजून एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, आणि वर 'बारा अक्षरांपेक्षा जास्त चालणार नाही' असा उलटा दम.

हुशार माणसं तरी चांगले पासवर्ड ठेवतात का, याचं उत्तर मिळायला चाळीस वर्षं लागली. १९७९ मध्ये बेल लॅब्समधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले. त्यातले ८६ टक्के फारच लहान होते किंवा शब्दकोशात वा नावांच्या यादीत सापडणारे. थॉम्प्सन म्हणजे युनिक्स या संगणकप्रणालीचे एक जनक. पुढे युनिक्सच्या एका जुन्या आवृत्तीबरोबर तिच्या कर्त्यांच्या पासवर्डचे हॅशही जपले गेले, आणि हौशी लोकांनी ते फोडायला घेतले. डेनिस रिची यांचा निघाला अवघा चार अक्षरी, डीएमएसी. स्टीव्ह बोर्न यांनी आपलं आडनावच ठेवलं होतं. ब्रायन कर्निहन यांनी कीबोर्डच्या एका कोपऱ्यातली तीन चिन्हं आलटून पालटून दाबली होती. थॉम्प्सन यांचा मात्र २०१९ पर्यंत कुणाला सापडला नाही. अखेर एका ग्राफिक्स कार्डाने चार दिवसांहून जास्त खपून तो काढला: पी/क्यू२-क्यू४! ही बुद्धिबळाच्या जुन्या लेखनपद्धतीतली, वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवण्याची खेळी. लक्षात राहायला छान आणि दिसायला अगम्य. पण तो टिकला इतके दिवस, याचं श्रेय बुद्धिबळापेक्षा त्यातल्या अक्षर-आकडा-चिन्हांच्या मिश्रणाला जातं. बुद्धिबळाच्या खेळ्यांची यादी करून कुणी आधी ती तपासली असती, तर चार दिवस कशाला, चार मिनिटंही लागली नसती.

शिकलेल्या लोकांत अलीकडे एक युक्ती बरीच चालते. आवडत्या गाण्याची, अभंगाची किंवा आरतीची ओळ घ्यायची आणि तिच्या शब्दांची आद्याक्षरं जोडायची. युक्ती वाईट नाही, पण तिची किंमत जरा जास्तच लावली जाते. २००६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना असे पासवर्ड करायला सांगितलं. तेव्हा बहुतेकांनी स्वतःचं वाक्य रचण्याऐवजी गाणी, चित्रपट, जाहिराती, पुस्तकं यांतल्याच ओळी उचलल्या. जालावरून गोळा केलेल्या सुमारे चार लाख वाक्यांच्या यादीने त्यातले ४ टक्के ओळखता आले. साध्या पासवर्डांच्या गटात नेहमीच्या शब्दयादीने ११ टक्के फुटले, म्हणजे आद्याक्षरांचा गट थोडा बरा. पण ही २००६ ची, हाताने जमवलेली लहानशी यादी होती. आज मराठी गाण्यांचे बोल जालावर ढिगाने आहेत, आणि घराघरांत म्हटल्या जाणाऱ्या आरत्या तर मोजक्याच. ओळ आपल्याला प्रिय असली म्हणजे ती गुप्त असते असं नाही.

म्हणून फासे. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी डाइसवेअर नावाची पद्धत मांडली. ७,७७६ शब्दांची एक यादी, प्रत्येक शब्दापुढे १ ते ६ मधले पाच आकडे. फासा पाच वेळा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांपुढचा शब्द घ्यायचा. पाच वेळा सहा घेऊन त्यांचा गुणाकार केला की ७,७७६ येतात, म्हणून यादी तेवढी. असे पाच-सहा शब्द एकापुढे एक लिहिले की झाला पासवर्ड. या पद्धतीचं खरं सौंदर्य असं की यादी गुप्त ठेवायची गरजच नाही. चोराच्या हातात तीच यादी द्या, तुम्ही डाइसवेअर वापरलंय हेही सांगा, तरी त्याला फासे कसे पडले ते ओळखावंच लागतं. मघाच्याच कार्डाचा हिशेब धरला, तर एमडी५ पुढे चार शब्दांच्या सगळ्या शक्यता सहा-सव्वासहा तासांत संपतात, पाच शब्दांना साडेपाच वर्षं लागतात, आणि सहा शब्दांना ४२ हजार वर्षांहून जास्त. चोराने शंभर कार्डं आणली तरी सहा शब्द चारशेहून जास्त वर्षं खेचतात. आणि टाइप करायला काय? सहा साधे शब्द, एकही वाकडंतिकडं चिन्ह नाही.

रँडल मन्रो यांनी २०११ मध्ये आपल्या एक्सकेसीडी या व्यंगचित्रमालिकेत हीच कल्पना चार शब्दांच्या उदाहरणाने मांडली आणि ती जगभर पोचली. मात्र त्यांचा हिशेब सुमारे दोन हजार शब्दांतून चार निवडण्याचा, आणि संकेतस्थळावर सेकंदाला हजार अंदाज लावणाऱ्या चोराचा होता. फुटलेल्या फाइलीवर आजचं कार्ड बसवलं, तर ते चार शब्द दोन मिनिटंही टिकत नाहीत. पासवर्ड महत्त्वाचा असेल तर चारावर थांबू नये.

मराठीत हे घरच्या घरी करता येतं. कपाटातला जाड मराठी शब्दकोश काढा. दहा चिठ्ठ्यांवर ० ते ९ आकडे लिहा आणि डब्यात टाका. तीन वेळा चिठ्ठी काढली की पान मिळतं. प्रत्येक वेळी चिठ्ठी परत डब्यात टाकायची आणि डबा हलवायचा. त्या क्रमांकाचं पान कोशात नसेल तर पुन्हा काढायचं. मग त्या पानावरचे तुम्हाला ओळखीचे पहिले दहा शब्द मोजायचे, आणि चौथ्या चिठ्ठीवर जो आकडा येईल तितवा शब्द घ्यायचा, शून्य आलं तर दहावा. सातशे पानांचा कोश असेल तर सात हजार शक्यता झाल्या, राइनहोल्ड यांच्या यादीच्या जवळपास. ओळखीचे शब्द अशासाठी की मोल्सवर्थच्या कोशासारखा जुना ग्रंथ हाती असेल, तर त्यात एकोणिसाव्या शतकातले इतके शब्द भेटतात की पासवर्ड राहतो बाजूला आणि माणूस कोशच वाचत बसतो.

एक पथ्य कडक पाळायचं. निघालेला शब्द आवडला नाही, जुळत नाही, कसासाच वाटतो म्हणून टाकून द्यायचा नाही. तीन वेळा टाकून चौथ्यांदा गोजिरवाणा शब्द घेतला, की निवड पुन्हा तुमच्या आवडीने झाली, आणि आवडीचा अंदाज बांधता येतो. समजा निघालं: वकील, परात, धुकं, पावती, कोल्हा, शिडी. आता कुठे आठवणीचं काम सुरू होतं. वकिलाने डोक्यावर परात घेतली, धुक्यात त्याची पावती हरवली आणि कोल्ह्याने शिडीवर चढून ती काढून दिली. गोष्ट जितकी बावळट तितकी बरी. ती कुणाला सांगायची नाही एवढंच.

शब्द इंग्रजी अक्षरांतच टाइप करावेत. देवनागरी पासवर्ड मनाला भावतो, पण परक्या संगणकावर मराठी कीबोर्ड नसतो, काही संकेतस्थळं ती अक्षरं घेतच नाहीत, आणि एक गुंता आतला आहे. 'ॲ' हे अक्षर कधी एकच चिन्ह म्हणून साठवलं जातं, कधी 'अ' आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं म्हणून. दिसायला तेच, संगणकाच्या लेखी वेगळं. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर तुम्ही सहज जसं लिहिता तसं स्पेलिंग एकदा ठरवा आणि त्यालाच चिकटून राहा. संकेतस्थळ हट्टाने कॅपिटल आणि चिन्ह मागत असेल तर एकेक जोडून द्यावं. त्याने ताकद वाढली असं मात्र समजू नये.

पण असले असंबद्ध सहा शब्द लक्षात राहतील का? जोसेफ बोनो आणि स्टुअर्ट शेक्टर यांनी २०१४ मध्ये याचीच परीक्षा घेतली. लोकांना यंत्राने निवडलेला संकेत दिला, काहींना सहा शब्दांचा, काहींना बारा अक्षरांचा. पाठ करा असं सांगितलंच नाही. रोज लॉगिन करताना तो पडद्यावर दिसे आणि टाइप करावा लागे, पण दर खेपेला तो दिसायला थोडा जास्त वेळ लागे. ज्याला आठवे तो वाट न बघता टाइप करून मोकळा होई. ९४ टक्के लोकांना तो अखेर पूर्ण पाठ झाला, आणि तीन किंवा अधिक दिवसांनी विचारलं तेव्हा ८८ टक्क्यांनी बिनचूक सांगितला. या सगळ्यात प्रत्येकाचा एकूण जादा वेळ गेला तो बारा मिनिटांहून कमी. लक्षात राहण्याचा संबंध अर्थाशी असतो त्यापेक्षा किती वेळा आणि किती अंतराने उजळणी झाली याच्याशी जास्त असतो. पाढे पाठ झाले ते काही सत्ते एकोणपन्नासमध्ये गोडी वाटली म्हणून नव्हे.

तेव्हा नवा पासवर्ड केला की पहिला आठवडा तो दिवसातून दोन-तीनदा हाताने टाइप करावा, 'मला लक्षात ठेव' या चौकटीवर टिचकी न मारता. कागदावर जरूर लिहून ठेवावा. पासवर्ड कधीच लिहू नये हा उपदेश मला कधी पटला नाही. रशियात किंवा झारखंडात बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही, आणि लिहायची भीती वाटते म्हणूनच माणसं सोपे पासवर्ड ठेवतात. फक्त कागद कपाटात हवा. संगणकाच्या पडद्याला चिकटवलेला, एटीएम कार्डाच्या पाकिटात सारलेला किंवा मोबाइलच्या कव्हरमागे कोंबलेला नको.

चार आकडी पिनचं काय, असा प्रश्न इथे येतोच. तिथे शब्दांना जागा नाही. १९६७ मध्ये लंडनजवळच्या एन्फिल्डमध्ये बार्कलेज बँकेचं रोकड देणारं यंत्र सुरू झालं, ते जॉन शेफर्ड-बॅरन यांचं. हे गृहस्थ जन्मले आपल्या शिलाँगला. त्यांना सैन्यातल्या आपल्या क्रमांकासारखा सहा आकडी संकेत हवा होता. पण पत्नी कॅरोलाइन म्हणाल्या की मला चारच आकडे लक्षात राहतात, म्हणून चार ठरले, असं ते सांगत. पिनच्या श्रेयावर जेम्स गुडफेलो यांचाही हक्क आहे, त्यांचं पेटंट १९६६ चं. कसंही असो, चार आकड्यांच्या शक्यता दहा हजार, आणि त्याही माणसं वापरत नाहीत. २०१२ मध्ये निक बेरी यांनी फुटलेल्या याद्यांतले ३४ लाख चार आकडी संकेत मोजले, तेव्हा त्यातले जवळजवळ ११ टक्के एकट्या १२३४ ने खाल्ले होते. एटीएम तीन चुकांनंतर कार्ड अडवतं म्हणून हे निभावतं. पण १२३४ किंवा जन्मसाल ठेवणाऱ्याला तीन प्रयत्नही पुरेसे धोक्याचे आहेत.

इथे आपल्याकडची एक जुनी विद्या कामाला येते. कटपयादि. दक्षिणेतल्या गणितींनी आणि संगीतकारांनी आकडे शब्दांत बांधून ठेवण्यासाठी ती वापरली. क ते झ म्हणजे १ ते ९, ट ते ध म्हणजे १ ते ९, प ते म म्हणजे १ ते ५, य ते ह म्हणजे १ ते ८, ञ आणि न शून्य. स्वर, काना, मात्रा मोजायच्या नाहीत. कर्नाटक संगीतातल्या मेचकल्याणी रागाच्या नावात म म्हणजे ५ आणि च म्हणजे ६, परंपरेप्रमाणे उलटं वाचून ६५, आणि मेळकर्ता रागांत त्याचा क्रमांक तोच. पिनसाठी उलटं वाचायची उठाठेव नको. डब्यातून चार चिठ्ठ्या काढल्या आणि आलं ५३८४, तर म ५, ल ३, ह ८, व ४: 'मला हवा'. ६२७१ आलं तर 'चार सूप'. चिठ्ठ्या आधी काढायच्या आणि शब्द मागून शोधायचा, हा क्रम इथेही सोडायचा नाही. आपलं नाव कटपयादीत बसवून पिन केला, तर ते जन्मसालाचंच भावंड झालं.

आता शंभर खात्यांसाठी शंभर गोष्टी रचायच्या का? नाही. तोंडपाठ हवेत ते तीनच: संगणकाचा, मुख्य ईमेलचा आणि पासवर्ड मॅनेजरचा, म्हणजे बाकीचे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणाऱ्या साधनाचा. बाकी सगळे मॅनेजरने स्वतः निवडलेले, वीस-वीस चिन्हांचे, जे तुम्हाला पाठच नसतील. बिटवॉर्डन, कीपासएक्ससी ही नावाजलेली आणि फुकट मिळणारी साधनं आहेत. फोनमध्ये मुळात असलेलं साधनही काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ चांगलं. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हे यातलं सगळ्यात मोठं सुख. एका ठिकाणी फुटलेली ईमेल आणि पासवर्डची जोडी शेकडो ठिकाणी आपोआप चालवून बघणं हा आज चोरांचा नित्याचा धंदा आहे. सगळी अंडी एका टोपलीत नको, हा आक्षेप खोटा नाही. लास्टपास या कंपनीकडून २०२२ मध्ये ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. त्या तिजोऱ्या उघडणं ग्राहकाच्या मुख्य पासवर्डवर अवलंबून होतं. म्हणून तो एक पासवर्ड फाशांचा आणि सहा शब्दांचा हवाच. तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून, मृत्युपत्राशेजारी ठेवावा. माणूस गेल्यावर त्याची खाती उघडताना घरच्यांचे जे हाल होतात, ते तरी टळतील.

एवढं करूनही पासवर्ड काय थांबवू शकत नाही, तेही सांगायला हवं. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यापुढे सहा शब्द आणि एक शब्द सारखेच. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या दुव्यावर तुम्ही स्वतःच टाइप केलात, तर पासवर्ड कितीही लांब असो, गेला. मॅनेजरचा इथे एक उपयोग होतो: खोट्या संकेतस्थळाचा पत्ता जुळत नाही म्हणून तो पासवर्ड भरत नाही. तो भरत नसेल तर थांबून पत्ता वाचावा. पैसे गेलेच, तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक लगेच फिरवावा, सकाळची वाट बघू नये. २०२२ पासून ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट मिळून पासकी नावाची बिनपासवर्डची पद्धत पुढे आणत आहेत. तिची किल्ली फोनमध्ये किंवा त्याला जोडलेल्या खात्यात राहते आणि खोट्या पानावर चालत नाही. जिथे मिळेल तिथे ती खुशाल घ्यावी. पण पासकी ठेवलेलं खातं उघडायला शेवटी एक पासवर्ड किंवा पिन उरतोच.

सगळं एका दिवसात बदलायच्या मागे लागू नका, अर्ध्यात कंटाळा येईल. आज फक्त मुख्य ईमेलचा पासवर्ड शब्दकोश आणि चिठ्ठ्या घेऊन नवा करा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' हे दुवे तिथेच येऊन पडतात. आणि वकील, परात, धुकं वगैरे सहा शब्द आता छापून झाले आहेत, तेवढे घेऊ नका.